वितीचा कायदा

"परवाना दाखवा," असं म्हणत दिग्विजयनं हात पुढं केला, तसं अंकिताच्या आप्पांनी गळाची काठी पायापाशी ठेवली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

शेवटी अंकितानंच पर्समधून कागद काढला. दिग्विजय मच्छीमार सोसायटीचा रखवालदार. तलावाच्या बांधावर मोटरसायकल उभी करून येईल-जाईल त्याला नियम ऐकवायचे, हे त्याचं काम. त्यानं परवान्यावरचा फोटो निरखला. फोटोत आप्पा असे बघत होते, जणू कुणीतरी त्यांना खोट्या साक्षीला उभं केलंय.

"एकच काठी, नाना. पावसाळ्यात बंद. आनि ह्या खुणेपेक्षा बारका मासा घावला, तर परत पान्यात सोडायचा." त्यानं हातातल्या पट्टीवरची लाल खूण दाखवली.

"तुजा बा पवाया शिकला, त्याच्या आदीपास्नं मी हितं बसतोय."

"बसत हुतासा, नाना. आता कुटं बसताय?"

ते खरंच होतं. ज्या साली तलाव सोसायटीकडं गेला आणि गळ टाकायलाही परवाना लागू लागला, त्या सालापासून आप्पांची काठी गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. गाव म्हणायचं, नानासो मोडंल पण वाकायचा न्हाई, कागदाला भीक घालायचा न्हाई. अंकितालाही तसंच वाटत आलं होतं. त्याच साली ती मिलिटरीच्या नर्सिंगला गेली. लांब लांब बदल्या होत गेल्या. दिवाळीला येते म्हणायची आणि दिवाळ्या निघून जायच्या. या खेपेला मात्र तिनं मनाशी धरलं होतं, काही झालं तरी आप्पांना एकदा पाण्यावर बसवायचं, आपण शेजारी बसायचं. उद्या परतायचं होतं. आप्पांच्या हातापाया पडून विनवण्या कराव्या लागतील अशा तयारीनं तिनं परस्परच परवाना काढून आणला होता. आप्पा नुसतं "आनलाच हायस, तर चल," म्हणाले आणि आढ्यावरची काठी उतरवायला गेले.

निघताना आईनं दारातूनच विचारलं होतं, "मसाला वाटू, का पिटल्याची तयारी करू?"

"मसाला वाट," आप्पा म्हणाले होते.

आता त्यांनी गांडूळ गळाला ओवलं, तंगुसाचा दोरा पाण्यात भिरकावला आणि त्याला बांधलेली मोरपिसाची काडी लाटेवर डुलायला लागली. दिग्विजय जरा पलीकडं सावलीला जाऊन बसला. आप्पांनी खिशातून मोबाईल काढून चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"तुजी गाडी येळंवर हाय. खिडकीची जागा घेतलीया बग मी. मागल्या खेपंला दाराजवळ बसून आलतीस."

"तुमी काढलं तिकीट?"

"मग काय. उसाच्या बिलापास्नं लायटीच्या बिलापतूर समदं ह्याच्यावरच करतोय की आता."

ती हसली. काडीकडं बघता बघता तिला ती जुनी उन्हं आठवली. तेव्हा इथं ना सोसायटी होती ना पट्टी. पण आप्पांचा एक कायदा होता. मासा लागला की ते ओल्या गवतावर ठेवायचे आणि म्हणायचे, "अंके, हात ठेव." मासा तिच्या वितीपेक्षा लहान भरला की पाण्यात. शेजारी बसणारे चेष्टा करायचे, अरं नानासो, पोरीचा हात तो केवढा, तुजा तरी लाव. आप्पा म्हणायचे, पोरगी वाढंल तसा मासाबी वाढू दे. भूक लागली असली की अंकिता बोटं हळूच आखडून घ्यायची. आप्पांच्या ते ध्यानात यायचं, पण ते बोलायचे नाहीत. किती सुखाचे दिवस होते ते, आणि तेव्हा कळलंच नाही.

काडी गपकन बुडाली. आप्पांनी मनगट झटकलं, काठी वाकली, आणि एक लखलखता मासा तडफडत काठावर आला. म्हातारपण विसरून आप्पा उठूनच उभे राहिले. दिग्विजय पट्टी घेऊन पळत आला. त्यानं पट्टी लावली.

"खुणेच्या म्होरं हाय, नाना! घाला पिशवीत."

आप्पांनी मासा पिशवीत टाकला नाही. ओल्या गवतावर ठेवला आणि तिच्याकडं बघितलं.

"अंके, हात ठेव."

तिनं वाकून वीत पसरली. मासा करंगळीपर्यंत पोचत नव्हता. नखभर कमी. तिनं बोटं आखडली नाहीत. आप्पांनी मासा उचलला आणि दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडला.

"आवं नाना, नियमात बसत हुता की!" दिग्विजय कळवळला.

"तुज्या नियमात बसतोय. आमच्या न्हाई."

तो डोकं हलवत मोटरसायकलकडं गेला. अंकितानं हात पदराला पुसला.

"आप्पा, परवाना मी मागंच काढून दिला असता. एवढी वर्सं का बसला न्हाईसा?"

आप्पा गळाला नवं गांडूळ ओवत होते. "परवान्याचं काय मोटंसं. पर मासा लागल्यावर हात ठेव म्हनायचं कुनाला?"

त्यानंतर गळाला काही लागलं नाही. उन्हं कलली तशी दोघं उसाच्या कडेनं घराकडं निघाली. वाटेत आप्पा थांबले.

"दे तो कागद हिकडं."

तिनं दिला. सकाळी ज्याच्याकडं बघायलाही तयार नव्हते, तो परवाना त्यांनी नीट उलगडून वाचला.

"कवापतूर चालतुया?"

"वर्सभर. मग नवा करायला लागतोय. मोबाईलवरनं हुतंय म्हनं, कुटं जायला लागत न्हाई."

आप्पांनी कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून एकदा चापपून बघितली.

"मोबाईलवरचं आमाला कुटलं जमतंय, पोरी," ते म्हणाले. "तुलाच यावं लागंल."

अंकितानं त्यांच्या हातातली काठी आपल्याकडं घेतली.

"व्हय," ती म्हणाली. "तुमास्नी न्हाईच जमायचं."