कोणीच न उतरवलेला आवाज

मित्रांनो, मी एक मेलेली लिंक आहे. वयाने काही जुनी नाही, पुरते तीस दिवस जगले. निळ्या रंगाची, खाली रेघ ओढलेली, त्रेसष्ट अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ, एवढंच माझं रूप. मला बोटाने दाबलं की एक पान उघडतं आणि त्यावर एकच वाक्य येतं, 'ही फाईल आता उपलब्ध नाही.' हे वाक्य मी सगळ्यांत जास्त वेळा आनंदीला दाखवलं आहे. दर वेळी मला चोरट्यासारखं होतं. खरं तर चोरी मी केली नाही. ती कोणी केली, हेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारातला. तिथे ओमकारचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. लग्न, मुंज, सत्यनारायण, गावची जत्रा, सगळीकडे तोच कॅमेरा घेऊन उभा असतो. एप्रिलमधल्या एका दुपारी तो चौदा जीबीचा एक व्हिडिओ एका वेबसाईटवर चढवायला बसला. सहा तास लागले. मध्ये दोनदा लाईट गेली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात झाली आणि दोनदा ओमकारने वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. संध्याकाळी एकदाचा व्हिडिओ चढला आणि स्क्रीनवर आलं, 'तुमची लिंक तयार आहे.' ती मी.

केवढा अभिमान वाटला होता मला! 'तीस दिवसांपुरती' हे खाली बारीक इंग्रजी अक्षरांत होतं. ओमकारने ते वाचलं नाही. ज्या वेबसाईटने मला जन्म दिला तिनेही माझ्या कानात ते कधी सांगितलं नाही. पोटच्या लेकराला इतकं अंधारात ठेवलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुमचा घोटाळा होणार नाही. व्हिडिओ वेगळा आणि मी वेगळी. व्हिडिओ दूर कुठल्या तरी मोठ्या कॉम्प्युटरात पडून असतो आणि मी त्याच्यापर्यंत जायची नुसती वाट. त्या वाटेने जाऊन तो आपल्याकडे उतरवून घ्यावा लागतो. माझ्या पानावर नुसता बघायची सोयही नव्हती. मला ज्या ज्या फोनात पाठवतात त्या त्या फोनात मी असते, म्हणून मला सगळ्यांचं सगळं कळतं. न कळतं तर बरं झालं असतं.

आता त्या व्हिडिओत काय होतं ते ऐका. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत बाबली तांडेल राहतात. वय एकाहत्तर. वाडीची रापण त्यांच्या शब्दावर चालते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडीने ते दर्यात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर वाडीने मिळून ओढायचे. हंगामाची पहिली रापण टाकण्याआधी बाबली देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्या वाडीच्या वतीने मोठ्याने साकडं घालतात. त्या गाऱ्हाण्यात दर्यात जीव गेलेल्या वाडीच्या माणसांची नावं येतात, तेवीस नावं, ठरलेल्या क्रमाने. ती कुठे लिहिलेली नाहीत. बाबलींना त्यांच्या वडिलांनी तोंडी दिली आणि पुढे कोणी ती मागितलीच नाहीत.

मार्चमध्ये बाबलींच्या घशात गाठ निघाली. गोव्याच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज परत येणार नाही. आनंदी ही बाबलींची एकुलती एक मुलगी, मासळी बाजारात बसते. तिने ओमकारला बोलावून घेतलं. ओमकारने बावन्न मिनिटं चित्रण केलं. बाबलींनी गाऱ्हाणं घातलं, तेवीस नावं घेतली, पाण्याचा रंग बघून मासा कसा ओळखायचा ते सांगितलं. शेवटी कॅमेरा चालूच आहे हे विसरून त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "आनंदी गो, ह्येका जरा च्या दी, कवाधरना उन्हात उभो आसा."

गाऱ्हाणं वाडीसाठी होतं. आनंदीला हवी होती ती ही हाक. बाकी काही नसतं तरी तिला चाललं असतं.

ओमकारने मला आनंदीकडे धाडलं. तिने लगेच दाबलं. फोनने सांगितलं, जागा अपुरी आहे. तिच्या फोनात जेमतेम दोन जीबी शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तर गोव्याला निघायचं होतं. मग तिने मला रापण संघाच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "बाबांचो व्हिडिओ आसा. माझ्या फोनात जागा नाय. कोणीतरी उतरवन ठेवा रे."

ग्रुपवर एकेचाळीस माणसं. काय सांगू तुम्हाला माझं कौतुक! अंगठे आले, हात जोडलेले आले, लाल बदाम आले. होडीवरचा नितेश म्हणाला, "टेन्शन घेव नको गो, घेतंय मी." संघाचे सचिव गुरुप्रसाद मास्तर शाळेतून निवृत्त झालेत, पण ग्रुपवर अजून शाळेतलंच मराठी लिहितात. त्यांनी लिहिलं, "संग्रही ठेवत आहे. बाबलींना लवकर बरे वाटो." मी फुशारून गेले. एका आवाजासाठी एवढी माणसं! आनंदीने इस्पितळात वडिलांच्या उशाशी बसून त्यांना ग्रुप दाखवला. "बघा बाबा, सगळ्यांनी घेतल्यानी," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाबली बिनघोर ऑपरेशनला गेले.

आणि इकडे काय चाललं होतं ते फक्त मला दिसत होतं.

तीस दिवसांत मला अठ्ठावन्न वेळा दाबलं गेलं. बहुतेकांनी 'चौदा जीबी' एवढं वाचलं आणि पान बंद केलं. रोजचा नेटपॅक दीड जीबीचा, तो कोण माझ्यावर घालवणार? तिघांनी उतरवायला सुरुवात केली. त्यात नितेश सगळ्यांत पुढे गेला, अकरा टक्के. तेवढ्यात क्रिकेटची मॅच लागली आणि त्याने मला थांबवून मॅच लावली. मास्तरांनी तर कमाल केली. त्यांनी मला संघाच्या वहीत हाताने उतरवून घेतलं, त्रेसष्टच्या त्रेसष्ट अक्षरं, वळणदार, खाली तारीख आणि सही. झालं यांचं संग्रही ठेवणं. माझ्या पानाच्या कोपऱ्यात उतरवून घेणाऱ्यांचा आकडा असतो. तो शून्यावरून हलला नाही.

तुम्ही म्हणाल, वाईट माणसं. तसं नाही हो, तेच तर दुखतं. रापणीचा रिवाज असा आहे की जाळं कोणीही ओढो, वाटा सगळ्यांना मिळतो. आजारी असेल, बाहेरगावी असेल, त्याचाही वाटा घरी पोचतो. बाबली इस्पितळात असताना त्यांच्या वाट्याची मासळी शेजारणीकडे रोज पोचत होती, एक दिवस चुकला नाही. त्याच सवयीने प्रत्येकाला वाटलं, ग्रुपवर आहे म्हणजे कोणीतरी ओढलंच असेल आणि एकाने ओढलं म्हणजे आपलंही झालंच. इथे सगळे वाट्याला उभे होते आणि दोराला कोणीच नव्हतं. मला ओरडून सांगायचं होतं. पण मला कुठलं तोंड?

वेबसाईटने ओमकारला तीनदा ईमेल पाठवला की फाईल पुसली जाणार आहे. ओमकार ईमेल उघडत नाही. तिसाव्या दिवशी संध्याकाळी माझ्या पलीकडची फाईल गेली. काही आवाज झाला नाही की काही नाही. त्याच वेळी ग्रुपवर कोणीतरी बांगड्याच्या कालवणाचा फोटो टाकला होता आणि त्याला एकोणीस अंगठे मिळाले.

बाबली चौतिसाव्या दिवशी घरी आले. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. ओसरीत टेकले, थोडी पेज घेतली. मग त्यांनी आनंदीच्या फोनाकडे बोट केलं, नंतर आपल्या तोंडाकडे. आनंदीला हसू आलं. "ऐकाचा आसा तुमका? थांबा, नितेशाकडसून घेतंय." तिने नितेशला फोन लावला. नितेश गडबडला. "माझ्याकडे नाय गो. माका वाटला मास्तरांनी घेतल्यानी." मास्तर म्हणाले, "मला वाटलं नितेशने घेतला. मी लिंक ठेवली आहे ना, वहीत." आनंदीने एकेकाला फोन लावले. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. शेवटी तिने मला दाबलं आणि मी तिला ते वाक्य दाखवलं.

बाबली शेजारीच बसले होते. त्यांना वाचता येत नाही, पण लेकीचं तोंड वाचता येतं. त्यांनी फोन तिच्या हातातून हळूच काढून घेतला आणि पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी आनंदी एसटीने कट्ट्याला गेली आणि ओमकारच्या दुकानात उभी राहिली. "तुझ्याकडे असतलोच मा तो? परत एकदा धाड."

ओमकारची मान खाली गेली. "आनंदीताय, मी कार्ड पुसलंय, कॉम्प्युटरातलो पण काढलंय गो. मे महिन्यात तेरा लग्ना होती. एकेचाळीस जणांकडे गेलो म्हटल्यावर माका वाटला, आता खंय जातलो?"

आनंदी परत निघाली. येताना संघाच्या ऑफिसात शिरली. मास्तरांनी लगबगीने वही काढून माझं पान उघडून दाखवलं. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. आनंदीने ते पान नीट बघितलं आणि म्हणाली, "मास्तर, ही वही माका हाक मारतली काय?"

मास्तरांनी वही मिटली. पण ग्रुपवर त्या संध्याकाळी काय ठरलं माहीत आहे? "लिंकच फसवी होती." नितेशने लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. सगळ्यांनी मिळून खापर माझ्या डोक्यावर फोडलं. अठ्ठावन्न वेळा मी दार उघडून उभी होते, मित्रांनो. आत कोणी आलं नाही आणि फसवी मी! मला आजही तो राग आवरत नाही.

श्रावणात दर्याला नारळ वाहिला आणि चार दिवसांनी हंगामाची पहिली रापण निघाली. सगळी वाडी किनाऱ्यावर. गाऱ्हाणं कोण घालणार, हे कोणी विचारलं नाही, कारण दुसऱ्या कोणाला येतच नव्हतं. बाबली पुढे झाले. हात जोडले, दर्याकडे तोंड केलं आणि ओठ हलवू लागले. आवाज नाही. फक्त गळ्यातल्या भोकातून हवा. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. ते मात्र सगळ्यांना येत होतं. ओठ थांबले की सगळे म्हणत, "व्हय म्हाराजा." पुन्हा ओठ हलत, पुन्हा सगळे म्हणत, "व्हय म्हाराजा." कशाला व्हय म्हणतोय, हे एकालाही ठाऊक नव्हतं.

आनंदी तेवढी गप्प होती. हातात फोन धरून ती वडिलांच्या ओठांवरून नावं ओळखू बघत होती. पहिली आठ तिने बोटांवर धरली. नवव्याला चुकली आणि मग तिने बोटं सोडून दिली.

रापण भरून आली. तारली, बांगडे, वर थोडा पेडवा. वाळूवर वाटे लागले. बाबलींच्या घरचा वाटा नितेशने स्वतः निवडून मोठा लावला आणि आनंदीच्या पाटीत घालायला पुढे आला. आनंदीने पाटी मागे घेतली.

"नको माका," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कोणीतरी घेवा."

आमच्या वाडीत वाटा नाकारलेला कोणी पाहिला नव्हता. नितेश मासे हातात घेऊन तसाच उभा राहिला. मास्तर दर्याकडे बघू लागले. आनंदी रिकामी पाटी काखेला मारून घराकडे चालू लागली. बाबलींनी तिला थांबवायला तोंड उघडलं. मग आठवण झाल्यासारखं मिटलं आणि टाळ्या वाजवल्या, एकदा, दोनदा, खूपदा. दर्याची गाज मोठी होती. तिला ऐकू गेलं नाही. ती चालत राहिली आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस वाळूत पाय ओढत तिच्या मागे गेला.

मित्रांनो, माझ्यावर विसंबू नका. माझ्यासारखी एखादी तुमच्या फोनात पडून असेल आणि तिच्या पलीकडे कोणाचं बोलणं, कोणाचं हसणं असेल, तर आज उतरवून घ्या. जागा नसेल तर शंभर फोटो पुसा, पण घ्या. आणि घेतल्यावर एकदा लावून ऐका. कोणीतरी घेतलं असेल, असं मात्र म्हणू नका. त्या कोणीतरीला मी एकेचाळीस फोनांत शोधलं आहे. तो एकातही नव्हता.