उमरावची दारू सुटली तेव्हा

दारू प्यालेल्या नवऱ्याची भीती कुंदाबाईच्या अंगवळणी पडली होती. उमरावचा आवाज चढला की ती चुलीजवळची भांडी आवरायची, तो उठून उभा राहिला की अंगणात निघून जायची, आणि खाट करकरली की परत घरात यायची. किती दूर उभं राहिलं म्हणजे हात पोचत नाही, ते तिला ठाऊक होतं. न प्यालेला उमराव मात्र तिने लग्नानंतर वर्षभर पाहिला असेल, तेवढाच.

उमराव गावतलावाची तुडुम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, सांभाळायचा. पाळीखालच्या धानाला पाणी कधी सोडायचं आणि तुडुमचं तोंड कधी बंद करायचं, हे कोहळी जातीच्या त्या गावाने त्याच्या बापावर आणि मग त्याच्यावर सोपवलं होतं. सकाळी त्याचे हात कापायचे. मोहाचा पहिला गिलास पोटात गेला की हात थांबायचे, आणि मग दिवसभर गिलास थांबत नसे. त्या पावसाळ्यात तो तुडुम उघडी ठेवून पाळीवरच झोपी गेला आणि खालच्या दोन बांध्यांतला धान आडवा झाला. दुसरा माणूस पाहा, असं चावडीवर उघड बोललं गेलं. तेव्हा कुठे उमराव हादरला.

त्याच सुमारास एका संस्थेच्या चेतना मॅडम गावच्या उपकेंद्रात येऊ लागल्या होत्या. आठवड्यातून एकदा जायचं, त्यांच्याशी बोलायचं आणि यंत्राच्या नळीत फुंकायचं. दारू आधीपेक्षा कमी निघाली तर थोडे पैसे हातावर मिळत, अजिबात निघाली नाही तर आणखी थोडे. गावाने खूप हसून घेतलं. "पेवाले पैसे लागतात, आन आता न पेवाचेबी भेटतात का गा?" असं पाणवठ्यापासून दुकानापर्यंत चाललं होतं. उमराव गेला. कुंदाबाईलाही सोबत नेलं.

"दिवसाला किती घेता, उमरावभाऊ?" चेतनाने विचारलं.

"गिलासभर. लय झाले त दोन."

चेतनाने कुंदाबाईकडे पाहिलं. "खरं ना, ताई?"

येताना वाटेतच उमरावने बजावलं होतं, जास्त पिणाऱ्याला गोंदियाला नेऊन पागलांच्या वार्डात टाकतात. कुंदाबाईने मान खाली घातली. "हो जी. तेवढीच."

"मग हळूहळू कमी करू," चेतना म्हणाली. "पण एकदम सोडायची नाही. हात जास्त कापले, घाम सुटला, झोप उडाली तर मला फोन करायचा. लाजायचं नाही."

पुढच्या खेपेला यंत्रात आकडा उतरला. मिळालेले पैसे उमरावने घरी येऊन बायकोपुढे धरले, तेव्हा तिने एकदम डोकं मागे घेतलं. हात पुढे आला म्हणजे मारायलाच, एवढंच तिच्या अंगाला माहीत होतं. उमरावने ते पाहिलं. पैसे चुलीच्या ओट्यावर ठेवून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दारूचा डबा अंगणात पालथा केला. "हळूहळू काय करत बसाचं? सोडली त सोडली."

"मॅडमनं एकदम नको म्हटलं ना जी."

"तिले काय समजते?"

संध्याकाळपासून त्याला घाम फुटला. जेवलेलं सगळं उलटलं. सासू देवकाबाई मात्र खूश होती. "अंगातलं इख निघून राहिलं वं. निघू दे." पण दुसऱ्या दिवशी चहाची बशी त्याच्या हातात राहीना. डोळे लाल, डोळ्याला डोळा नाही, जरा भांडं वाजलं तरी दचकायचा. कुंदाबाईने मोबाइल हातात घेतला, तसा तो खाटेवरून ओरडला, "फोन करशीन त मले पागलात टाकतीन!" तिने मोबाइल पदरात बांधला. आज उतरेल, उद्या उतरेल, असं स्वतःलाच सांगत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती धान्य पाखडत होती. उमराव भिंतीशी उकिडवा बसून अंगावरून काहीतरी वेचून फेकत होता.

"काय झालं जी?"

"मुंग्या. पाह्य ना, केवढ्या चढून राहिल्या."

भिंत स्वच्छ होती. अंगावरही काही नव्हतं. कुंदाबाई जवळ गेली, तसं त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती.

"तू कोन वं? माही कुंदा कुठी नेली?"

तिच्या हातून सूप गळून पडलं. असा उमराव तिने कधी पाहिला नव्हता. याच्यापासून किती दूर उभं राहायचं, तेच तिला कळेना. तेवढ्यात तो कान टवकारून उठला. "पाळ फुटली!" कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलून तो धावत सुटला.

पाळ कुठेच फुटली नव्हती. आश्विनाच्या उन्हात तलाव काठोकाठ शांत भरला होता. उमराव मात्र छातीभर पाण्यात उतरून सब्बलीने पाणी ठोकत होता आणि गाव बुडतं, पळा, म्हणून ओरडत होता. एकेक करत माणसं पाळीवर जमली. कोणी हसलं, आणि त्याचा चेहरा पाहून गप्प झालं. धाकटा दीर श्यामलाल आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला होता. त्याने सीटखालची बाटली काढली. "गिलासभर पाजा, आत्ता ठिकाणावर येते." देवकाबाई ऊर बडवत होती. "लागिर होय माय! आपल्या प्रतापगडाले न्या, तिथल्या दर्ग्यावर न्या!"

कुंदाबाईने पदराची गाठ सोडली. मोबाइल काढून चेतनाचा नंबर लावला.

"ताई, खरं सांगा," सगळं ऐकून चेतना म्हणाली. "रोज किती प्यायचे?"

सगळं गाव ऐकत होतं. सासू, दीर, पाणवठ्यावरच्या बाया.

"सकाळपासून झोपेपर्यंत, मॅडम. किती वर्षं झाली. मी तुमच्याशी खोटं बोलली."

चेतना घाईघाईने बोलू लागली. "ताई, हे भूत नाही. रोजची दारू अचानक तुटली की असं होतं. यात माणूस जाऊ शकतो. आत्ता त्यांच्या तोंडात काही घालू नका, घशात अडकेल. पाण्याबाहेर काढा आणि तालुक्याच्या दवाखान्यात आणा. मी डॉक्टरांना सांगून ठेवते. कुठेच थांबू नका."

"नेतो कसा?" श्यामलाल म्हणाला. "हातात सब्बल आहे."

कुंदाबाई पाण्यात उतरली. मागून कोणी "मागं ये वं!" म्हणालं. उमरावने सब्बल उगारली. तिचे पाय गाळात रुतले होते. आता मागे सरायचं म्हटलं तरी सरता येणार नव्हतं. तिने आवाज साधा ठेवला, रोज जेवायला बोलवायची तसा.

"तुडुम म्या उघडली जी. पानी उतरून राहिलं. पन खालच्या बांध्यातल्या लोकायले सांगा लागन. श्यामलालनं गाडी आनली, चाला लवकर."

तो तिच्याकडे पाहत राहिला. सब्बल हळूहळू खाली आली. "बुडाले त नाई ना कोनी?"

"नाई. चाला."

त्याने तिचा हात धरला, लहान पोराने धरावा तसा घट्ट. गाडी रस्त्याला लागून थोडी पुढे गेली असेल, तोच त्याचं अंग ताठ झालं, दातखिळी बसली, आणि सगळं शरीर फळीवर आपटू लागलं. श्यामलालने गाडी थांबवायला घेतली. "थांबू नोका भाऊजी! थांबू नोका!" कुंदाबाई किंचाळली, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला कुशीवर वळवून बसली. त्याच्या तोंडातून फेस तिच्या लुगड्यावर सांडत होता. श्वास चालू आहे की नाही, ते पाहायला ती पुन्हा पुन्हा नाकाशी हात नेत होती.

दवाखान्यात सुया झाल्या, सलाइन लागलं, हात खाटेला कापडाने बांधावे लागले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, पण आत्ताच काही सांगता येत नाही. चेतना स्कूटीने धावत आली होती. कुंदाबाई बोलणी खायच्या तयारीत उभी राहिली, पण चेतना शेजारच्या बाकावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली, "मी आणखी खोदून विचारायला पाहिजे होतं, ताई." आत उमराव कोणाकोणाच्या नावाने हाका मारत होता.

त्याने बायकोला ओळखलं ते पुढे दोन दिवसांनी. हाताचं कापड पाहून त्याने विचारलं, "म्या कोनाले मारलं का?"

"नाई."

"तुले?"

"नाई म्हटलं ना."

यावेळी गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, आणि चेतनापुढे किती प्यायची ते उमरावने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पागलवार्डात कोणी टाकलं नाही. तुडुम तोवर गावाने दुसऱ्याकडे दिली होती. तो पाळीवर जाऊन नुसताच बसायचा. यंत्रात दर आठवड्याला शून्य येऊ लागलं आणि पैसे मिळू लागले. तरी त्याने पाण्याचा तांब्या उचलला की कुंदाबाईचे डोळे त्याच्या बोटांवर जात.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली. दंडारीचा नाच-खेळ पाहायला पाहुणे आले, आणि उमराव संध्याकाळी परतला तो तोंडाला वास घेऊन. कोणाला काही न बोलता झोपला. सकाळी उठून स्वतःच उपकेंद्राकडे चालू लागला. कुंदाबाई काही अंतर राखून मागे गेली आणि बाहेर कडुलिंबाखाली थांबली. आतून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. तो बाहेर आला तेव्हा हात रिकामे होते.

"काय म्हने मॅडम?"

"फुंकाच्या आंधीच सांगून देल्लं. पैसे नाई भेटनार म्हने. गोळ्या चालूच ठेवा, आन पुढच्या आठवड्यात या."

"जासान का?"

तो चार पावलं पुढे गेला आणि थांबला. तिच्याकडे न पाहता म्हणाला, "भेव वाटते वं, कुंदा."

एवढ्या संसारात त्याच्या तोंडून हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला.

"मलेबी," ती म्हणाली, आणि त्याच्या बरोबरीने चालू लागली.