उतारावरचे दगड

घर घेताना लोक पाणी बघतात, स्टेशन बघतात, काहीजण तर संडासाचं दार कुठल्या दिशेला उघडतं तेही बघतात. मी उतार बघितला. लिफ्टमधून सायकल बाहेर काढल्यापासून चाकाला माती लागेपर्यंत किती मिनिटं जातात, एवढा एकच प्रश्न मी प्रत्येक बिल्डरच्या माणसाला विचारायचो आणि तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघायचा. एकाने फोटोत डोंगर दाखवला आणि जागेवर नेलं तर खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. मी त्याची कॉलर धरली आणि मेघनाने माझी धरली, म्हणून तो वाचला.

मेघना माझी बायको. ठाण्याला नौपाड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिचं म्हणणं होतं की ठाण्यातच एखादी खोली बघू, लहान का असेना, मला चालत कामाला जाता येईल. दिव्यात आम्ही सहा वर्षं टँकरमागे बादल्या घेऊन धावलो होतो, त्यामुळे ती चूक नव्हती. पण ठाण्यात माती म्हणजे येऊरचा डोंगर, आणि येऊरला रविवारी फिरायला येणाऱ्यांची एवढी गर्दी की सायकल हाताने ढकलत न्यावी लागते. मी हट्टाला पेटलो. माझा राग कायम नाकावर असतो, आणि घरातले लोक त्याला वळसा घालून जायला शिकलेत.

"घे तुझा डोंगर," मेघना शेवटी म्हणाली. "माझे रोजचे चार तास जाणार, ते धर कशात तरी."

मी ते कशातच धरले नाहीत. कल्याण पूर्वेला, मलंगगडाच्या रस्त्याच्या आत, वावळीच्या टेकडीच्या पायथ्याशी सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट ते माती चार मिनिटं. बेडरूमच्या खिडकीतून अख्खा उतार दिसायचा, मी मुद्दाम तीच बाजू मागून घेतली होती. आई, केशरबाई, आमच्याबरोबर आली नाही. दिव्यात तिचं बुद्धविहार होतं, बरोबरीच्या बायका होत्या. "डोंगर मी गावाला लई बघितला," असं म्हणून ती तिथेच राहिली.

टेकडीवर माझ्याबरोबर सुमित यायचा. आम्ही डोंबिवलीच्या शाळेत एका बाकावर बसलेलो. त्याचा आवाज असा होता की आजूबाजूच्या गावांत हळद असली की माईक त्याच्याच हातात द्यायचे. तो बोलायला लागला की नवरदेवाचा आजासुद्धा नाचायला उठायचा. दर रविवारी सकाळी तो डोंबिवलीहून सायकल मारत यायचा, मग आम्ही माथ्यावर चढायचो आणि तीन किलोमीटर खाली सुटायचो. आठवडाभर ऑफिसात गिळलेला राग त्या सात मिनिटांत उतरायचा. मेघनाला मी हे कितीदा तरी सांगितलं होतं, की तिथे मला नीट माणूस झाल्यासारखं वाटतं.

उताराच्या मधोमध मात्र एक सपाट पट्टा होता, तिथे वेग मरायचा. सुमित म्हणाला, "भावा, इथे एक उडी बांधली ना, तर कडक काम होईल." उडी म्हणजे दगडांचा चढता उंचवटा, त्यावरून सायकल हवेत जाते. दगड शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारीच मोहाच्या झाडाखाली चपटे दगड रचून ठेवलेले होते. तीन-तीन, चार-चारच्या छोट्या राशी, ओळीने. एका राशीवर ॲल्युमिनियमची वाटी उपडी घातलेली. सुमितने ती उचलून झाडीत भिरकावली आणि म्हणाला, "कोणीतरी आपल्यासाठीच जमवून ठेवलेत." आम्ही तासाभरात सगळे दगड उचलले, एकही ठेवला नाही.

पुढच्या रविवारी उडी मोडलेली होती. दगड पुन्हा झाडाखाली. आम्ही पुन्हा बांधली, ती पुन्हा मोडली गेली. तिसऱ्या खेपेला मी पाठीवरून सिमेंट नेलं. पाण्याचा कॅन सुमितने वाहिला. आता बघतो कोण मोडतो, असं मी झाडांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो.

मोडणारा आठवड्याने भेटला. साठीचा माणूस, अंगात बनियन, हातात पहार. टेकडीच्या पलीकडे ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथला काळुराम. तो पहारीने सिमेंट फोडत होता. मी सायकल टाकून त्याच्या अंगावर धावलो आणि पहार हिसकावून बाजूला फेकली.

"दादा, ते दगड..." तो म्हणाला.

"डोंगर तुझ्या बापाचा आहे का? पुन्हा हात लावलास तर हात तोडीन."

त्याने पुन्हा तोंड उघडलं. मी बोलू दिलं नाही, छातीवर ढकलला त्याला. तो पडला, उठला, कोपर झटकलं आणि उभा राहिला. मग मी त्याच्या डोळ्यांदेखत तीन वेळा त्या उडीवरून सायकल मारली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या उडीनंतर वळून बघितलं तर तो पहार उचलून निघून गेलेला.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही माथ्यावर नाणं उडवलं. पहिला कोण सुटणार ते आम्ही असंच ठरवायचो. नाणं मी जिंकलो, पण निघतानाच माझी चेन उतरली. "बस तू लावत," असं म्हणून सुमित हसत सुटला. मी चेन लावून दोन मिनिटांनी खाली आलो तर उडीच्या पुढे त्याची सायकल एकटीच पडलेली, पुढचं चाक फिरत होतं.

सुमित पाठीवर पडला होता. दोन झाडांना कुंपणाची तार ताणून बांधली होती, उडी मारणाऱ्याच्या बरोबर गळ्याच्या उंचीवर. ती त्याच्या गळ्यात शिरून तुटली होती. त्याने दोन्ही हातांनी गळा धरला होता, रक्त बोटांतून येत होतं, आणि मधून हवा येत होती, लाल बुडबुडे होत होते. तो ओरडायचा प्रयत्न करत होता आणि फक्त फसफस ऐकू येत होतं. मी माझी जर्सी काढून त्याच्या गळ्यावर दाबली. जास्त दाबली तर श्वास कोंडेल आणि कमी दाबली तर रक्त जाईल, आणि किती दाबायची हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. त्याला पाठुंगळी घेऊन मी दीड किलोमीटर खाली आलो. त्याचं रक्त माझ्या पाठीवरून बुटात उतरलं. रिक्षावाला बघूनच पळायला लागला, त्याला मी दोन शिव्या घालून थांबवला.

सुमित वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, श्वासनलिका शिवली आहे, पण आवाजाचं काही खरं नाही. त्याची आई माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी सायकलला लावायची साखळी हाताला गुंडाळून ठाकरवाडीत गेलो. पोलिसांची वाट बघणारा माझा स्वभाव नाही. काळुराम अंगणात बसून कुडाच्या भिंतीसाठी कारवीच्या काठ्या निवडत होता.

"तार तू बांधलीस?"

"हां," तो म्हणाला. "मीच बांधली."

नाही म्हणाला असता तर कदाचित मी आधी शिव्या दिल्या असत्या. मी साखळी त्याच्या तोंडावर मारली. तो बाजूला कलंडला. त्याचा उजवा हात उंबऱ्याच्या दगडावर टेकला होता, मी त्याच हातावर मारत राहिलो. चौथ्या फटक्याला बोटं मोडल्याचा आवाज आला, वाळली कारवी मोडावी तसा. त्याने हात मागे घेतला नाही आणि दयाही मागितली नाही. मारणाऱ्याला अशा माणसाचा जास्तच राग येतो. मी पाचव्यांदा साखळी उचलली तेव्हा माझ्या डाव्या दंडात काहीतरी गरम शिरलं.

त्याची बायको होती, तुळसा. हातात कोयता. ती दुसऱ्यांदा उगारून उभी होती, आणि दुसरा वार मानेवरच आला असता. शेजारच्यांनी तिला मागून धरलं. ती सुटायला झटत होती आणि एकच बोलत होती, "दगड दे आमचे. दगड दे."

मला वाटलं, बाई वेडी आहे. नवऱ्याचा हात मोडलाय आणि ही दगड मागते.

गुन्हे दोघांवर दाखल झाले. त्याच्यावर तारेचा, माझ्यावर हाताचा. पंधरा दिवसांत दोघंही जामिनावर बाहेर. माझ्या दंडाला बावीस टाके पडले होते. आई दिव्याहून मला बघायला आली, पहिल्यांदा त्या घरात. खिडकीपाशी बसून ती माझ्यासाठी डाळिंब सोलत होती आणि मी तिला सगळं पहिल्यापासून सांगत होतो, अर्थात माझ्या बाजूने. मेघना दारात उभी राहून ऐकत होती.

"दगड कसले?" आईने विचारलं.

"साधे गं. चपटे. झाडाखाली राशी करून ठेवलेल्या."

"केवढ्या राशी?"

माझा डावा हात गळ्यात होता. मी उजव्या हाताने गादीवर दाखवलं, इथपासून इथपर्यंत. वीतभर रुंद, दीड-दोन हात लांब.

"वर कायी ठिवलं व्हतं?"

"एक वाटी होती. उपडी."

आईने डाळिंबाचं ताट बाजूला ठेवलं, उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या कानशिलात दिली. चौतिसाव्या वर्षी. मग दुसऱ्या बाजूने अजून एक दिली. मेघना पुढे झाली नाही.

"तुझ्या आधी एक झाला व्हता," आई म्हणाली. "अकरा दिवसांचा. एवढ्याशा लेकराला जाळत न्हाईत रं, पुरत्यात. वढ्याच्या काठाला तुझ्या बापानं खड्डा केला. कोल्हं उकरून काढतं म्हणून वर चपटं दगड रचलं. दूध पाजायची वाटी मी माझ्या हातानं उपडी घातली वर. दरसाल जाऊन मी दगड मोजून यायची. आन् तू त्येंच्यावरनं उड्या मारल्यास."

माझ्या मोठ्या भावाबद्दल मला त्या दिवशी कळलं. मी डोंबिवलीच्या चाळीत जन्मलेला माणूस. मेलेलं माणूस स्मशानात जातं, तिथे पावती मिळते, एवढंच मला माहीत होतं. पण काळुरामने मला दोनदा सांगायचा प्रयत्न केला होता, आणि दोन्ही वेळा त्याचं तोंड मी बंद केलं होतं. हे माहीत नसणं नव्हतं. मला माझी लाज वाटली, इतकी की खिडकीकडे तोंड करता येईना.

संध्याकाळी सुमितकडे गेलो आणि त्याला सांगितलं. गळ्यात नळी घालून तो पलंगावर बसला होता. त्याने फोनवर टाइप करून माझ्यासमोर केला. "वाटी मी फेकलेली."

रविवारी आम्ही टेकडीवर गेलो. मी, आई आणि मेघना. घण मेघनाने उचलला, कारण माझा एक हात कामाचा नव्हता. सिमेंट फुटता फुटेना. फुटलं तेव्हा बरोबर दगडही फुटले, काहींचे दोन तुकडे, काहींचे तीन. उरलेल्यांना सिमेंटची खपली चिकटलेली. आवाज ऐकून पलीकडून तुळसा आली, तिच्यामागे काळुराम, हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. मी घणाकडे बघितलं, त्यानेही बघितलं. तो लांब उभा राहिला. आई जाऊन तुळसाशेजारी मातीत बसली.

मी दगड एका हाताने छातीशी धरून मोहाखाली नेले. तिथे जमीन सपाट झाली होती. मधे पाऊस होऊन गेला होता, गवत माजलं होतं, आमच्या चाकांनी तर आधीच सगळं रगडलेलं. ओळ कुठून सुरू होत होती ते मला आठवेना. मी अंदाजाने एका जागी चार दगड रचले.

"हितं नाय," तुळसा म्हणाली.

मी ते उचलून दोन हात पलीकडे रचले.

"हितं पण नाय."

"मग कुठे, मावशी? तुम्ही सांगा, मी तिथे ठेवतो."

"मला दगडावरनं कळायचं," ती म्हणाली. "माझी दोन हायत यात. माझ्या दिराचं एक. दगड होते तवर मला माहीत होतं कंचं कुठं निजलंय. आता तू सांग. उचलले तू."

मी मेघनाकडे बघितलं, आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. मी पुन्हा दगड उचलले. दंडाची जखम पुन्हा उघडली, बाहीतून रक्त यायला लागलं, ते दगडांना लागत होतं आणि मी ते सदऱ्याला पुसत होतो. ऊन डोक्यावर आलं तरी ती तेवढंच म्हणत होती, हितं नाय. रागाने नव्हे. खरंच आठवून बघत होती, आणि तिला आठवत नव्हतं. शेवटी ती उठली, झाडीत शिरली आणि वाटी शोधायला लागली. वाटी सापडली नाही. आई तिच्याबरोबर शोधत होती, मेघनाही.

मेघना आता म्हणते, हे घर विकू आणि नौपाड्यात जाऊ, मिळेल त्या खोलीत. मी हो म्हटलंय. गिऱ्हाइकं येतात, त्यांना मी आत नेतो, पाणी दाखवतो, लिफ्ट दाखवतो. बेडरूममध्ये आले की सगळे खिडकीशी थांबतात आणि म्हणतात, काय व्ह्यू आहे हो. समोरच्या उतारावर मोहाच्या झाडाखाली एक बाई वाकून काहीतरी इकडून तिकडे ठेवत असते. सातव्या मजल्यावरून ती स्पष्ट दिसते. मी ही बाजू मुद्दाम मागून घेतली होती.