कुंकवाचा कणही सुटला नाही

मित्रांनो, चाकणच्या एका प्रयोगशाळेतला मी जुना सूक्ष्मदर्शक आहे, पण मला डोळा नाही. माझ्याकडे आहे एक सुई, केसाहून हजारो पटींनी बारीक टोकाची. अभ्रकाच्या तुकड्यावर औषधाचा थेंब सुकवतात आणि मी सुईनं चाचपून प्रथिनाच्या एकेका कणाचं चित्र काढतो. अणुबल सूक्ष्मदर्शक म्हणतात मला. आहे की नाही रुबाब?

खोड एकच. जरा हादरलो की चित्र बिघडतं. शेजारी पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा कारखाना आहे, म्हणून मला जाड दगडी फरशीवर बसवलंय. तरी धडधड पोचतेच. खंडेनवमीला मात्र यंत्रांची पूजा होते आणि प्रेस चारपर्यंत बंद राहतात. आमची संशोधक आम्रपाली अवघड काम त्याच दिवसासाठी राखून ठेवते.

गेल्या खंडेनवमीला इन्सुलिनची परीक्षा होती. प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटलेले निघाले, तर सगळं औषध वाया जाणार होतं. सुई टेकवली, तर चित्रात ढेकळंच ढेकळं!

"औषध तरी बिघडलंय, नाहीतर हे यंत्र," प्रयोगशाळेच्या प्रमुख साधना मॅडम म्हणाल्या. "चौदा वर्षं झाली. भंगारात काढू या आता."

भंगारात? मला?

"थांबा मॅडम, कोरा अभ्रक लावून बघते," आम्रपाली म्हणाली. त्यावरही ढेकळं! तिनं तो तुकडा खिडकीपाशी धरला. त्यावर लालसर धूळ होती.

"सोपानराव, सकाळी इथं काय केलंत?"

सोपानराव आमचे शिपाई, तीस वर्षं प्रेस चालवून आलेले. "पूजा केली की, पोरी. मशिनच्या माथ्यावर कुंकवाची पाच बोटं वढली. चुकलं व्हय माझं?"

मी चुकलो नव्हतो! माथ्यावरचं कुंकू खाली झडत होतं आणि मी ते इमानानं दाखवत होतो. आम्रपालीनं मला पुसलं, सुई बदलली, औषधाचा नवा थेंब सुकवला आणि चारच्या आत नवं चित्र उमटलं. प्रथिनाचे कण चाळलेल्या रव्यासारखे सुटे होते. मॅडमनी आनंदानं माझ्या फरशीवर थाप मारली आणि पुढचं चित्र हादरलं.

यंदा सोपानरावांनी झेंडूचं फूल दाराच्या कडीला अडकवलं, बाहेरूनच हात जोडले आणि शेजारच्या कारखान्यात गेले. "आजून तासभर प्रेस थांबवा, राव. आमचा म्हातारा कामाला बसलाय."

प्रेस पाचपर्यंत बंद राहिल्या. मित्रांनो, यंत्रावर माया करायची, तर आधी त्याला काय सोसतं ते बघा. तो शांत तास हीच माझी पूजा होती. तेव्हा मी काढलेलं चित्र आता मॅडमच्या खोलीत भिंतीवर लावलंय.