सहा शेपट्यांची चकती

मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची चकती आहे. खरं म्हणजे आम्ही दोघी आहोत, एकीवर एक ठेवून मधोमध पितळी पिनेनं अडकवलेल्या. आमच्या सरांच्या वर्गात मी फ्रेंच शिकवते. माझी कड फाटली, शाई पुसट झाली, त्याचं मला फारसं वाटत नाही. पण त्या एका तासाला माझ्या काळजात जे धस्स झालं, ते काही केल्या जात नाही.

सरांनी मला शर्टाच्या खोक्यातून कापून काढलं. मोठ्या चकतीवर त्यांनी सरळ वळणाच्या क्रियापदांची मुळं लिहिली आणि धाकटीवर सहा शेपट्या, म्हणजे क्रियापदाच्या शेवटी लागणारे सहा प्रत्यय. 'आम्ही बोलतो' याला फ्रेंचमध्ये 'नू पार्लों' म्हणतात. त्यातला शेवटचा 'ओं' खुडायचा आणि उरलेल्या 'पार्ल'ला माझी शेपटी जोडायची. 'झ पार्ले' म्हणजे मी बोलायचो. 'नू पार्लियों' म्हणजे आम्ही बोलायचो. एकदा घडून गेलं ते नव्हे, पुन्हा पुन्हा घडायचं ते सांगणारा हा काळ आहे. सहापैकी चार शेपट्या कानाला अगदी सारख्या लागतात आणि लिहिताना मात्र घोळ घालतात, त्यामुळे नवी मुलं रडकुंडीला यायची. पण सर मला गर्रकन फिरवायचे, वर्ग हसत हसत म्हणायचा आणि बघता बघता सगळं तोंडपाठ व्हायचं. इतर वर्गांतले शिक्षक मला मागून न्यायचे. माझी कॉलर तेव्हा ताठ होती.

सरांची एक पद्धत होती. मी ज्या क्रियापदावर थांबेन, त्याची वाक्यं मुलांनी आपल्या घराविषयी करायची. "खरं सांगा, थापा मारा, माझं काही म्हणणं नाही," सर म्हणायचे. "शेपटी तेवढी चुकवू नका." मग ते डोळे मिटून, मान कलती करून शेपट्या ऐकायचे. एकाचे आजोबा वाघावर बसून बाजाराला जायचे, एकीची मावशी छपरावर पोहायची. शेपटी बरोबर आली की सर म्हणायचे, "शाबास."

मधल्या रांगेत एक मुलगी बसायची. आवाज इतका बारीक की वर्गानं तिचं नावच मिणमिणी ठेवलं होतं. तिची शेपटी कधी म्हणजे कधी चुकली नाही. मला ती फार आवडायची. सर तिचं उदाहरण सगळ्यांना द्यायचे.

एके दिवशी मुख्याध्यापिकाबाई तास बघायला आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. सरांना हुरूप चढला. त्यांनी मिणमिणीला उभं केलं आणि मला फिरवलं. मी 'पडणे'वर थांबले. मिणमिणीनं वाक्य सांगितलं. पुन्हा फिरवलं, 'बंद करणे'. पुन्हा फिरवलं, 'वाट पाहणे'. तिन्ही वाक्यं चोख होती.

"शाबास," सर म्हणाले. "पाहिलंत बाई? एक शेपटी इकडची तिकडे नाही."

बाई हसल्या. "मला कुठे फ्रेंच कळतंय? जरा अर्थ सांगा की."

सर आनंदानं सांगू लागले. "आई स्वयंपाकघरात पडायची. मी बाहेरून दार बंद करायचे. आम्ही तिच्या उठण्याची वाट..."

सर तिथेच थांबले. त्यांच्या हातातला खडू खाली पडला. हीच वाक्यं ते कित्येक दिवस ऐकत होते, मीही ऐकत होते, आणि त्यांचा अर्थ त्यांच्या तोंडून आज पहिल्यांदा बाहेर पडला होता. माझी पिन गळून पडते की काय, असं मला झालं.

बाई उठून मिणमिणीजवळ आल्या. "बाळ, हे कधीचं गं?"

"आज सकाळचं पण आहे," ती म्हणाली. "आईला आकडी येते. रोज थोड्या वेळानं उठते. आज उठली नाही. शाळेत नाही आले तर शेजारचे विचारतील, म्हणून दार लावून आले. धाकटा भाऊ आत आहे तिच्यापाशी."

"अगं, मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुणाला सांगायचं नाही, असं आईनं बजावलंय. लोक आम्हाला तिच्यापासून घेऊन जातील म्हणून." तिनं सरांकडे पाहिलं. "पण सरांना तर मी रोज सांगत होते."

बाईंनी तिचा हात धरला आणि त्या अक्षरशः धावत सुटल्या. सर फळ्याला टेकून उभे होते, पांढरेफटक पडले होते.

आई वाचली, मित्रांनो. तिची औषधं कधीचीच संपली होती, ती पुन्हा सुरू झाली. मुलांना कुणी कुठे नेलं नाही. उलट मावशीच बाडबिस्तरा घेऊन त्यांच्याकडे राहायला आली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पुढच्या आठवड्यात मिणमिणी शाळेत आली. सर वर्गात आले, पण त्यांनी मला हात लावला नाही. खुर्ची ओढून ते मुलांच्या समोर बसले.

"मला एक विचारायचंय," ते म्हणाले. "इतके दिवस तुम्ही जी वाक्यं सांगितलीत, त्यातली आणखी कुणाची खरी होती का?"

खिडकीपाशी एक हात वर झाला. मग मागून एक. मग पहिल्या बाकावरचा पोरगा उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "सर, मी सांगितलं तेव्हा तुम्ही मला शाबास म्हणाला होतात."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपून ठेवा, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? मी फाटले तर खोक्याचा पुठ्ठा कुठेही मिळेल. तुमच्या शेजारी बसणारं पोर बोलत असेल, तेव्हा ते कसं बोलतं याच्याआधी काय बोलतं ते ऐका. त्या दिवशी सरांच्या वर्गात हात वर होतच राहिले.