आत्याबाईंच्या तोंडून

सिंदीच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये शंभर वर्षांपूर्वीचा दवाखाना उभा राहिला होता आणि त्यात डॉक्टर म्हणून बसला होता केळझरचा वांगी-टमाटे पिकवणारा अंकुश. नागपूरच्या धर्मेंद्र नावाच्या दिग्दर्शकाला जुन्या काळातल्या बायकांच्या दुखण्यांवर हसतखेळत प्रेमाचा सिनेमा काढायचा होता. त्यातल्या डॉक्टरचं निदान एकच, बाई फार वाचते. म्हणून पुस्तक बंद, आंबट बंद, खिडकीत उभं राहणंही बंद. हे पाठ करताना अंकुशला स्वतःचीच लाज वाटली होती.

पण डॉक्टरचा कोट त्यानं सिनेमासाठी चढवलाच नव्हता. पेशंटचं काम गुंजन करत होती. गुंजन सेलूच्या औषधाच्या दुकानात कामाला, आणि आठवडी बाजारात भाजी घ्यायची ती अंकुशकडूनच. चार वर्षं तो तिला कोथिंबीर फुकट देत आला होता, त्यापुढे गड्याची मजल गेली नव्हती. उद्या तिला बघायला हिंगणघाटचे पाहुणे येणार होते. म्हणजे बोलायचं ते आजच.

अडचण अशी की सिनेमातल्या काळी परक्या पुरुषानं बाईकडे बघायचं नाही. मध्ये पडदा, पडद्याच्या टोकाशी सासू. डॉक्टरनं सासूला विचारायचं, सासूनं आत वाकून सुनेला विचारायचं आणि उत्तर बाहेर आणायचं. सासू झाल्या होत्या गुंजनच्या सख्ख्या आत्या, चतुराबाई. या बाईंना वाकणं ठाऊकच नव्हतं. घरीदारी सगळ्यांची उत्तरं त्याच देत आलेल्या. पोट कधीपासून दुखतं म्हटल्यावर त्यांनी परस्पर पोळ्याच्या जेवणापासून हकीकत सुरू केली. दुसऱ्या वेळी तर सुनेचं पोट राहिलं बाजूला आणि स्वतःचा गुडघाच डॉक्टरपुढे केला. धर्मेंद्रनं कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा कॅमेरा चालू केला.

तिसऱ्या वेळी अंकुशनं पाठ केलेलं सगळं सोडून दिलं.

"आत्याबाई, तिले इचारा, उद्याचा पोरगा पसंत हाय का?"

"पसंत हाय. नोकरीवाला हाय," आत्याबाई मानही न वळवता म्हणाल्या.

"भाजीवाला चालन का, ते इचारा."

"नाई चालत."

अंकुशचं अवसानच गळालं. आता उठून कोट काढावा, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पडदा सरकला.

"आत्या, दुखते माह्यं अन् सांगून राह्यली तू," गुंजन म्हणाली. "मले चालते भाजीवाला. पण त्याचं तोंड काऊन उघडत नाई, ते पहिले तपासा."

अंकुशला फार आनंद झाला. तो घाईघाईनं चतुराबाईंकडेच वळला.

"आत्याबाई, तिले सांगा..."

"तिले नाई. मले सांग," गुंजननं त्याला अडवलं.

मग त्यानं सांगितलं. लाइटवाल्यांसमोर, चहावाल्यासमोर, तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं की तू मले आवडते. संध्याकाळी बाबांना भेटायला ये, पाहुण्यांना मी कळवते, असं तिनं तिथंच ठरवून टाकलं. धर्मेंद्र कॅमेरा बंद करायचंच विसरला होता. शंभर वर्षांपूर्वीची पेशंट असं बोलली असती का, असा प्रश्न त्याला पडला, पण त्यानं तो गिळून टाकला.

चतुराबाई तेवढ्या खुर्चीत फुगून बसल्या होत्या. चहावाल्यानं काय झालं म्हणून विचारलं.

"लग्न ठरलं," त्या म्हणाल्या, "अन् मले कोणी इचारलंच नाई."