चौदा नंबरची मुलाखत

आमच्या कॉलेजचं मनुष्यबळ व्यवस्थापनाचं जर्नल विद्यार्थीच चालवतात. त्याची संपादक मी, हे मी तेव्हा सगळ्या भोपाळला सांगत फिरायचे. त्या अंकाचा विषय होता, मुदतीआधी सरकारी कंपनीची नोकरी सोडणारे लोक. माझ्या वर्गातल्या निखिलने पंधरा जणांच्या मुलाखती घेतल्या. मुलाखत देणाऱ्याचं नाव फक्त त्याला ठाऊक. नियमाप्रमाणे माझ्या हाती आले ते नुसते नंबर आणि निखिलची कोरडी इंग्रजी.

चौदा नंबरवाल्याचं टेबल साहेबांनी जिन्याखाली हलवलं होतं. आठ महिने त्याला काम दिलं नाही. तो रोज डबा घेऊन जायचा, तिथे बसायचा आणि घरी येऊन म्हणायचा, आज फार काम होतं. मी समासात लिहिलं, 'रडगाणं. आकडेवारी नाही. वगळा.'

"यार मंजूषा, ये एक तो रहने दे," निखिल म्हणाला. "त्यांनी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलंय."

मी कसली ऐकते! शहाणपणाचा मक्ता माझ्याकडेच होता.

एम. पी. नगरच्या प्रेसमधून अंक आले, त्याच संध्याकाळी एक घेऊन मी शाहपुऱ्याला घरी गेले. बाबा दारातच उभे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कंपनीतली नोकरी सोडली होती. कंटाळा आला म्हणाले होते, आणि आई न् मी त्यांना त्यावरून ऊठसूट आळशी म्हणून चिडवायचो. माझं बक्षीसही त्यांनी कधी इतक्या घाईनं हातात घेतलं नव्हतं. चष्मा पुसून त्यांनी मुलाखतींचं पान काढलं, बोट फिरवत खाली गेले, पुन्हा वर आले.

"मंजू, तेरानंतर एकदम पंधरा कसं गं?"

जिन्याखालचं ते टेबल मला आठवलं.

"बाबा, ते तुम्ही होतात?"

"निखिलला मीच बजावलं होतं, तिला सांगू नकोस म्हणून." ते खुर्चीत बसले. "मला तोंडानं सांगायला जमेना. म्हटलं, तू वाचशील. वाचलंस की आपणहून विचारशील."

आलंच नाही माझ्यापर्यंत, असं म्हणता आलं असतं. क्षणभर तसं म्हणावंसं वाटलंही, खोटं का बोलू?

"वाचलं होतं. मीच काढायला लावलं."

बाबांनी अंक मिटून मांडीवर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "नुसतं बसून राहिलेल्या माणसाचं काय छापायचं?"

मला रडू आवरेना. मी त्यांच्या पायाशी बसले, हात धरला. "बाबा, मला सांगा ना. सगळं सांगा. मी ऐकते."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"आता नको गं, बाळा. सांगून झालं माझं."